न हलता बसण्याचा रोज

 आम्ही नाहूरच्या बचत गटातल्या.

या कार्यक्रमात आपण कामांविषयी पुष्कळ बोलतो. शिवणकाम, पापड-मसाले, शेळ्या, धुणीभांडी. आज एका अशा कामाचा इतिहास सांगायचा आहे, ज्यात हातपाय हलवायचेच नसतात. एका मोठ्या खोलीत पंधरा-वीस विद्यार्थी कागद घेऊन गोल बसलेले असतात. मधोमध लाकडी चौथऱ्यावर एक माणूस न हलता बसलेला किंवा उभा असतो. त्याच्याकडे बघून विद्यार्थी माणसाच्या शरीराचं चित्र काढायला शिकतात. चौथऱ्यावरच्या माणसाला मॉडेल म्हणतात. मॉडेल कधी कपड्यांत असतं, कधी कपड्यांशिवाय.

शेवटचं वाक्य ऐकून काहीजणींनी रेडिओचा आवाज बारीक केला असेल. आमच्या गटात हा विषय निघाला तेव्हा आधी हसू झालं, मग सगळ्या गप्प बसल्या. मग एकीनं विचारलं, "रोज किती मिळतो?" आम्हाला तोच प्रश्न सर्वांत खरा वाटला. चित्रकारांची नावं पुस्तकांत असतात, चित्रांच्या किमती वर्तमानपत्रांत येतात. चौथऱ्यावर उभ्या राहिलेल्या बाईचं काम कोणत्या वहीत लिहिलं गेलं, ते आज आपण शोधणार आहोत.

आधी जागा सांगतो. नाहूर हे मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्यामधलं स्टेशन. ते झालं २००३ साली. त्याआधी गाडी धरायला आम्हाला भांडुपला नाहीतर मुलुंडला जावं लागे. इथून धीम्या लोकलनं तासाभरात शेवटचं स्टेशन येतं, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. गावाकडून मुंबईला आलेल्या बहुतेकींनी ते पाहिलेलं असेल. बाहेर येऊन मान वर केली की मोठ्या घुमटावर एका बाईचा पुतळा दिसतो. तिच्या एका हातात मशाल आहे आणि दुसऱ्या हाताशी चाक. तिचं नाव 'प्रगती'. खाली भिंतींवर पानं-फुलं, पक्षी, प्राणी कोरलेत. ही इमारत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बांधली गेली आणि तिच्या कोरीवकामात जवळच्याच एका कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचे हात लागले.

ती शाळा म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. स्टेशनातून क्रॉफर्ड मार्केटकडे चालायला लागलं की वाटेतच आहे, झाडांच्या सावलीत. सर जमशेटजी जीजीभॉय हे मोठे पारशी व्यापारी. जे. जे. हॉस्पिटल ज्यांच्या नावाचं आहे, तेच हे. त्यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि मार्च १८५७ मध्ये वर्ग सुरू झाले. त्या काळचे एक लाख रुपये, विचार करा.

सुरुवातीला या शाळेचा भर हस्तकलांवर होता. इंग्रज सरकारला चांगले कारागीर हवे होते. १८६५ साली लॉकवूड किपलिंग नावाचे शिक्षक विलायतेहून आले, त्यांनी मूर्तिकाम आणि इमारतींवरचं नक्षीकाम शिकवलं. माणसाचं शरीर काढायला शिकायचं, तर त्यासाठी प्लॅस्टरचे पुतळे होते. ग्रीस आणि रोम या देशांतल्या जुन्या मूर्तींचे साचे काढून बनवलेले. कोकणातून, कोल्हापुरातून आलेली आपली मुलं त्या पांढऱ्या पुतळ्यांसमोर बसून नाक, कान, दंड, पोटऱ्या काढायची. कपडे घातलेलं जिवंत माणूस समोर बसवून चेहऱ्याचा अभ्यासही पुढे होऊ लागला. पण अख्ख्या शरीराचा अभ्यास पुतळ्यावरच.

पुतळ्यावर शिकण्यात सोय असते. तो दमत नाही, चहा मागत नाही, रोज मागत नाही. पण एका पायावर भार दिला की दुसरीकडची कंबर कशी खाली येते, श्वास घेताना छाती कशी उचलली जाते, डोक्यावर हंडा असला की मान कशी ताठते, हे पुतळा दाखवत नाही. ते जिवंत माणसाकडूनच शिकावं लागतं.

१९१९ साली कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन जे. जे.चे प्रमुख म्हणून आले. त्यांनी कपड्यांविना बसणारं मॉडेल समोर ठेवून रीतसर वर्ग सुरू केला. विलायतेतल्या कलाशाळांत हा वर्ग शिक्षणाचा पाया मानला जाई. तेव्हापासून आजवर, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं, मुंबईत माणूस समोर बसवून माणूस काढायला शिकवतात.

आता हे शिकतात कसं, ते सांगतो. यात लाजण्यासारखं काही नाही, शिंप्याच्या मापासारखंच माप आहे.

माणसाचं शरीर डोक्यानं मोजतात. डोक्याच्या टाळूपासून हनुवटीपर्यंत एक माप. उभं मोठं माणूस साधारण साडेसात मापांचं भरतं. वर्षाचं मूल जेमतेम चार मापांचं. म्हणून मोठ्या माणसाला नुसतं छोटं करून काढलं तर ते मूल दिसत नाही, बुटका माणूस दिसतो. आता आपला तळहात हनुवटीला लावा. बोटांची टोकं कपाळावर केसांच्या आसपास येतील. म्हणजे आपला पंजा जवळजवळ चेहऱ्याएवढा असतो. शिकाऊ माणूस मात्र हात नेहमी लहान काढतो. डोळेही आपण फार वर काढतो, कपाळ विसरूनच जातो. खरं म्हणजे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. आत्ताच बोटानं मोजून बघा. दोन्ही हात आडवे पसरले तर या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर साधारण आपल्या उंचीएवढं येतं.

विद्यार्थी हात ताठ करून पेन्सिल समोर धरतात, एक डोळा मिटतात आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून माप घेतात. शरीराचा तोल बघायला गवंड्याच्या ओळंब्यासारखी सरळ उभी रेघ मनात धरतात. गळ्याच्या खळग्यातून ओळंबा सोडला तर तो ज्या पायावर भार आहे त्याच्या घोट्याजवळ पडतो. पडला नाही, तर चित्रातलं माणूस कलंडल्यासारखं दिसतं. आधी एक-दोन मिनिटांत झरझर काढायची चित्रं असतात. मग तास-तासभर, कधी कित्येक दिवस चालणारं एक चित्र. कोळशाच्या कांडीनं काढतात, चुकलं की कापडानं पुसतात.

हे झालं काढणाऱ्याचं. आता चौथऱ्यावरच्याकडे बघू. मॉडेलनं वीस-पंचवीस मिनिटं एकाच ढबीत राहायचं, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा तीच ढब. उठण्याआधी पायांभोवती खडूनं खूण करतात, म्हणजे परत येऊन पाय बरोबर त्याच जागी ठेवता येतो. हात वर धरला असेल तर दहा मिनिटांत खांद्यात कळ येते. मांडी घातली असेल तर पायाला मुंग्या येतात. माशी बसली तरी हाकलायची नाही. ज्यांना वाटतं हे आयतं काम आहे, त्यांनी घरी घड्याळ लावून पाच मिनिटं एका पायावर भार देऊन उभं राहून बघावं. आमच्यातल्या सहाजणींनी करून पाहिलं. तिसऱ्या मिनिटाला चौघी हलल्या.

या वर्गावर वादही झाला. बंगालमध्ये ई. बी. हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोर यांच्याभोवती कलाकारांचा एक गट तयार झाला होता. त्यांचं म्हणणं असं की भारतीय कलाकारानं मूर्ती नेहमी मनातून घडवली, समोर उघडं माणूस उभं करून नक्कल करणं ही युरोपची रीत आहे. सॉलोमन आणि मुंबईची मंडळी म्हणत की डोळ्यांनी नीट पाहिल्याशिवाय मनातून काढता येत नाही. दोन्ही बाजूंचे लोक अजिंठ्याचं नाव घ्यायचे. जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकांबरोबर अजिंठ्याच्या लेण्यांत राहून तिथल्या चित्रांच्या प्रती केल्या होत्या. त्या भिंतींवर राण्या आहेत, दासी आहेत, अंगावर मोजकं वस्त्र आणि दागिने. कमरेचा झोक, बोटांची वळणं अशी की बघत राहावं. मोठमोठ्या लोकांच्या त्या वादात शैली, देश, परंपरा असे सगळे शब्द आले. चौथऱ्यावर कोण उभं राहतं, हा शब्द आला नाही.

आता बायकांकडे येऊ. या इतिहासात एक विचित्र गोष्ट आहे. चौथऱ्यावर उभी राहायला बाई चालत होती. समोर बसून काढायला बाई चालत नव्हती.

लंडनमध्ये १७६८ साली रॉयल अकॅडमी ही कलासंस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापक सभासदांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. तीन-चार वर्षांनी योहान झोफानी नावाच्या चित्रकारानं सभासदांचं एक चित्र काढलं. त्यात पुरुष सभासद नग्न पुरुष मॉडेलभोवती जमलेत. आणि या दोघी? त्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत आहेत. त्या वर्गात बाई बसलेली दाखवणं शोभणार नाही, म्हणून सभासद असूनही त्यांना भिंतीवर टांगलं. त्याच अकॅडमीनं विद्यार्थिनींना मॉडेलसमोर बसू दिलं ते १८९३ साली, तेही मॉडेलच्या कमरेला कापड गुंडाळून. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेनं बायकांना प्रवेश दिला १८९७ मध्ये. अमेरिकेत फिलाडेल्फियाला थॉमस ईकिन्स नावाचे नामांकित शिक्षक होते. विद्यार्थिनी असलेल्या वर्गात त्यांनी पुरुष मॉडेलचं कमरेचं वस्त्र काढलं, आणि १८८६ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला.

यानं बायकांचं नुकसान काय झालं? त्या काळी मोठं मानलं जाणारं चित्र म्हणजे इतिहासातला, पुराणातला प्रसंग. त्यात दहा-वीस माणसं असायची. शरीराचा अभ्यास नसेल तर ते चित्र काढता येत नाही. मग बायकांनी काय काढायचं? फुलं, फळं, बाळाचं तोंड. आणि मग लोकांनी म्हणायचं, बायकांना मोठं चित्र जमतच नाही. हे तंत्र आपल्या ओळखीचं आहे. आधी शेताच्या उताऱ्यावर नाव लावायचं नाही आणि मग म्हणायचं, बाई कुठं शेतकरी असते?

आपल्याकडे जे. जे.त शिकलेल्या सुरुवातीच्या मुलींत अंबिका धुरंधर यांचं नाव येतं. त्यांचे वडील महादेव विश्वनाथ धुरंधर मूळ कोल्हापूरचे. १८९० साली जे. जे.त विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तिथंच शिक्षक झाले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. अंबिकाताईंनी १९३१ मध्ये जे. जे.ची पदविका मिळवली आणि पुढे आपल्या आठवणीही लिहिल्या. त्याच पिढीतल्या अँजेला त्रिंदाद, गोव्याचे चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद यांची मुलगी. दोघीही चित्रकारांच्या घरातल्या. ज्या घरात वडीलच त्या वर्गाची ओळख असलेले, त्या घरातून मुलगी आधी बाहेर पडली. इतरांच्या मुलींना आणखी थांबावं लागलं.

आणखी एक नाव अमृता शेरगिल. त्या मराठी नव्हत्या, पण मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीनं १९३७ साली त्यांच्या तीन मुलींच्या चित्राला सुवर्णपदक दिलं होतं. त्या पॅरिसला शिकल्या. तिथं १९३३ साली त्यांनी एक चित्र काढलं, नाव 'प्रोफेशनल मॉडेल', म्हणजे पोटासाठी मॉडेलचं काम करणारी बाई. चित्रातली बाई तरुण नाही, देखणी नाही. अंग ओघळलंय, खांदे पडलेत, चेहऱ्यावर थकवा. पुरुष चित्रकारांच्या चित्रांत मॉडेल बहुतेकदा देवी होते, परी होते, राणी होते. या मुलीनं तिला कामावरून दमलेली बाई म्हणून काढलं. तेव्हा अमृता वीस वर्षांच्या होत्या.

आपल्या घरातल्या चित्रांकडे पण बघू या. लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आपल्या देव्हाऱ्यावर असतात. त्यांचं रूप घराघरांत नेलं राजा रवि वर्मा यांनी. त्यांचा छापखाना १८९४ च्या सुमारास घाटकोपरला होता, आमच्या नाहूरपासून काही स्टेशनं अलीकडे. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या देवींच्या अंगावर साडी आहे, हातात बांगड्या आहेत, चेहरा ओळखीच्या बाईसारखा आहे. माणसाकडे बघून काढायची विद्या होती म्हणून देवी माणसासारखी झाली. देव्हाऱ्यात आपण हात जोडतो तो चेहरा कुठून आला, असा विचार आपण कधी करत नाही.

एक चेहरा मात्र नावासकट ठाऊक आहे. हातात दिवा घेतलेली एक बाई, दिव्याचा उजेड बोटांतून झिरपून तिच्या तोंडावर पडलाय, असं चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल. पुष्कळ लोक ते रवि वर्मांचं समजतात. ते आहे सावंतवाडीकडचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं, आणि ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. दिवा धरून उभी राहिली होती त्यांची मुलगी गीता. पुढे त्या गीता उपळेकर झाल्या, कोल्हापूरला राहिल्या आणि २०१८ साली वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची आठवण छापली. चांगलंच झालं. पण यातला फरकही लक्षात घ्या. वडिलांसमोर साडी नेसून उभ्या राहिलेल्या लेकीचं नाव राहिलं. पोटासाठी चौथऱ्यावर बसलेल्या बाईचं नाव तिनं स्वतःच लपवलं.

का लपवलं? कारण कळलं असतं तर घर गेलं असतं. मुंबईत हे काम करणाऱ्या बायका बहुतेक हातावर पोट असलेल्या. कोणी नवरा गेलेली, कोणी नवऱ्यानं सोडलेली, कोणी गावाकडून मुलं घेऊन आलेली. काम कायमचं नाही, बोलावलं त्या दिवसाचा रोज. घरी आणि वस्तीत सांगायचं, साफसफाईला जाते, घरकामाला जाते. काहींनी मुलं शिकवली, मोठी केली, आणि मुलांना कधीच सांगितलं नाही.

या बायकांवर मराठीत एक सिनेमा निघाला, रवी जाधव यांचा 'न्यूड'. गावाहून पळून आलेली यमुना मुंबईत अक्काकडे राहते. अक्का कॉलेजात नेमकं काय काम करते ते तिला आधी ठाऊक नसतं. कळतं तेव्हा तिला धक्का बसतो, आणि मुलाच्या शिक्षणासाठी ती स्वतःही तेच काम धरते. कल्याणी मुळे आणि छाया कदम यांनी या भूमिका केल्यात. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात हा सिनेमा दाखवायचा ठरलं होतं, पण केंद्र सरकारच्या माहिती आणि प्रसारण खात्यानं तो यादीतून काढला. पुढे सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळून एप्रिल २०१८ मध्ये तो चित्रपटगृहांत आला.

कायदा काय म्हणतो? १९५४ साली मुंबईत जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांच्या चित्रांवर अश्लीलतेचा खटला झाला, तो पदमसींनी जिंकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा तसाच प्रश्न आला. पदमसी आणि एफ. एन. सूझा यांची काही चित्रं कस्टम खात्यानं अश्लील म्हणून अडकवून ठेवली होती. मुंबई उच्च न्यायालयानं ती सोडायला सांगितलं. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणजे चित्रकाराच्या बाजूचं उत्तर कायद्यानं सत्तर वर्षांत दोनदा दिलं.

मॉडेलच्या बाजूनं काय आहे, हे आपल्याला माहीत हवं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रोजंदारीवरच्या बाईलाही लागू आहे, तिला हजेरीपटावर कायम नसलं तरी. बाईच्या खासगी स्थितीतला फोटो तिच्या संमतीशिवाय काढणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ तेच सांगतं. तिनं फोटो काढू दिला असेल, पण तो दुसऱ्याला पाठवायला संमती दिली नसेल, तरी पाठवणारा गुन्हेगारच. हे फक्त मॉडेलसाठी नाही, आपल्या प्रत्येकीच्या मुलीसाठी आहे, म्हणून ते वहीत लिहून ठेवा. चित्रासाठी बसणं म्हणजे मोबाइलसाठी बसणं नव्हे.

आता आमच्या गटात काय झालं ते. एकमत झालं नाही. एकीचं म्हणणं, "पोटाची आग नसती तर कोणती बाई तयार झाली असती? याला काम म्हणून गौरव करू नका." दुसरी म्हणाली, "पोटाची आग नसती तर मी तरी दुसऱ्याचं संडास-बाथरूम धुतलं असतं का? मग माझ्या कामाला काम म्हणता, तिच्या कामाला का नाही?" तिसरी म्हणाली, "बाळंतपणात नर्ससमोर, ऑपरेशनला डॉक्टरसमोर आपण कपडे काढतोच. तिथं शिकाऊ मुलंही असतात. तिथं लाज कुठं जाते?" यावर पहिलीनं उत्तर दिलं, "तिथं गरज माझी असते. इथं गरज त्यांची आहे. म्हणूनच पैसे जास्त हवेत."

तिचं शेवटचं वाक्य आम्हाला पटलं. कोणीही कुणाला या कामाला ढकलू नये, आणि नको वाटलं तर नाही म्हणता आलं पाहिजे. पण जी करते, तिचा रोज ठरलेला असावा, विश्रांती ठरलेली असावी, कपडे बदलायला दार लागणारी खोली असावी, म्हातारपणी काही हाताशी असावं. डॉक्टरांच्या कॉलेजात शिकवायला जसं शरीर लागतं, तसं चित्रकाराच्या कॉलेजातही लागतं. ज्याच्याशिवाय वर्गच भरत नाही, त्याला किरकोळ खर्चात टाकता येत नाही. आपण गटात एक रुपयाही हिशोबाबाहेर ठेवत नाही. कारण आपल्याला ठाऊक आहे, वहीत नसलेला पैसा पहिला गिळला जातो. वहीत नसलेल्या कामाचंही तेच होतं.

तुमच्या गावात जे. जे. नसेल, पण शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देणारी मुलं असतील. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, पाणवठा, शेतातली कामं असे विषय येतात आणि चित्रात माणसं काढावी लागतात. मुलं पुस्तकातली चित्रं बघून घोटतात, आणि मग चित्रातल्या सगळ्या बायका सारख्याच दिसतात, काडीसारख्या, फ्रॉकच्या आकाराच्या साड्या नेसलेल्या. त्यांना घरचंच मॉडेल द्या. भाकरी थापताना, निवडत बसताना, पाटीत खुरपं टाकून उभं असताना "आई, पाच मिनिटं हलू नको" असं लेकरू म्हणालं, तर पाच मिनिटं थांबा. ओचा खोचला की साडीच्या चुण्या कुठून कुठं जातात, उकिडवं बसल्यावर गुडघा हनुवटीपर्यंत कसा येतो, हे त्याला कोणतंही पुस्तक सांगणार नाही.

गटाच्या बैठकीतही करून बघा. वही-पेन्सिल लागते, बाकी काही नाही. एकीनं दहा मिनिटं बसायचं, अंगभर कपड्यांतच, बाकीच्यांनी काढायचं. मग पाळी बदलायची. चित्र वेडंवाकडं येईल. पण इतकी वर्षं शेजारी बसलेल्या बाईचे खांदे एका बाजूला उतरलेत, पाणी वाहून वाहून, हे त्या दहा मिनिटांत दिसेल. आमच्याकडे एकीची मान कायम डावीकडे कलते, हे चित्र काढताना सगळ्यांच्या लक्षात आलं. शिवणयंत्रावर वाकून तशी झालीय. आता ती डॉक्टरला दाखवायला तयार झाली आहे.

चित्र झालं की खाली तारीख घाला आणि दोन नावं लिहा, काढणारीचं आणि बसणारीचं.